हाक मार, मग लाव कडी

धुकं असं दाटलं होतं की गोदामाच्या फाटकातला ट्रक नुसता दिव्यांवरून ओळखायचा. सकाळपासून नासपतीच्या पेट्या उतरत होत्या. मावशी डोक्याला रुमाल घट्ट बांधून शीतगोदामाच्या जाडजूड दाराशी उभी होती. माल आत गेला की ती दारात तोंड घालून ओरडे, "आत कुणी राहिलंय का?" क्षणभर कान देई, मग कडी लावी. उत्तर कधी येत नसे. ते येऊ नये असंच तिला वाटे. आणि कधीकधी, यावं असंही.

कारण तिचा थोरला भाऊ, दादा, याच दाराआड गेला. तो मागच्या रांगेत खराब माल निवडत होता. मुकादम म्हणाला, "लाव कडी," कुणीतरी लावली. सकाळी उघडलं तर दादा पेटीवर बसलेला, हात काखेत, पापण्या पांढऱ्या. मुकादमाने त्याच दिवशी नियम केला: हाक मार, मग लाव कडी. दादाच्या जागी मावशी कामाला लागली.

ते बोलणं तोंडोतोंडी गावभर झालं. आधी लोक घराला कुलूप घालताना, चूल विझवताना जपून म्हणायचे, "हाक मार, मग लाव कडी." पुढे घाईघाईत हाक गळाली, कडी तेवढी राहिली. शिंपी शेवटचा टाका घालून म्हणे, "चला, लाव कडी!" सोयरीक जुळली, लाव कडी. भांडण मिटलं, लाव कडी. मावशीची सून भांडी उपडी घालून हसत म्हणायची, "झालं एकदाचं, लाव कडी!" मावशीचा घास तोंडात फिरायचा. पण सांगितलं तर पोर हबकेल, म्हणून ती गप्प बसे.

दुपारी नव्या सुपरवायझरने व्यापाऱ्यांदेखत तिला हटकलं. "मावशी, रोज कुणाला बोलावता? आत भूत पाळलंय का? लोक हसतात."

"हसू देत, साहेब. हसून कुणी मरत नाही."

"ते काही नाही. आजपासून बंद."

मावशीने कडीवर हात ठेवला. हाक आता तिच्या एकटीच्या तोंडी उरली होती. ती गेली की दाराला नुसती कडीच राहणार.

मावशी नासकी नासपती काढायला मागच्या रांगेत शिरली. बाहेर हमालाने विचारलं, "साहेब, आटपलं का?" फोन कानाला लावलेला सुपरवायझर म्हणाला, "आटपलं, आटपलं. लाव कडी."

खट्.

दिवा गेला. मावशी चाचपडत दाराशी आली, मुठी आपटल्या. यंत्राच्या घरघरीत तिचा तिलाच आवाज ऐकू येईना. गारठा बाह्यांतून वर चढू लागला.

मग पाठीमागे, पेट्यांच्या रांगेकडून, कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं,

"राहिलंय! उघडा!"

कडी निघाली. दारात हमाल, चेहरा पिठासारखा. "मावशी! तुम्ही आत? अहो, मला तर गड्याचा आवाज आला, अगदी कानाशी!"

"मलाही आला," सुपरवायझर म्हणाला. त्याने बॅटरी पाजळून रांगन् रांग पाहिली. पेट्या होत्या. एका पेटीवरचं दव तेवढं पुसलेलं होतं, कुणी बसून उठावं तसं.

त्याने बॅटरी विझवली. मग म्हणाला, "मावशी... मारा हाक."

मावशीने रुमाल सारखा केला. "आत कुणी राहिलंय का?"

ती रोजच्यापेक्षा जरा जास्तच थांबली. आत नुसती घरघर. "बरं, येते उद्या," असं पुटपुटून तिने कडी लावली, केरसुणी उचलली आणि दारापुढचा पेंढा झाडू लागली.