समुद्राचा नारळ आणि इसापूरचं बेट

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे कळमनुरीत लग्नानंतर महिनाभरातच जाहीर झालं होतं. पण या उन्हाळ्यात घरातली खरी घालमेल माझी नव्हती, सासूबाईंची होती. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गुडघे धरलेत, जिना चढताना देवाचं नाव घेतात, आणि तरी दिवसभर त्यांचं ओटा ते दार, दार ते ओटा चाललेलं.

कारण नितीन. माझा धाकटा दीर मालवाहू जहाजावर आहे. पोहायला शिकला शेतातल्या विहिरीत आणि नोकरीला गेला थेट समुद्रावर. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन बरेच दिवस आला नाही, तेव्हा आत्याबाई नवस बोलल्या, पोरगं सुखरूप असल्याचं कळू दे, समिंदराची ओटी भरीन. फोन आला. नवस राहिला. आधी हळदीची काढणी आली, मग मामंजींचा मोतीबिंदू, मग गुडघे. आणि एप्रिल संपता संपता नितीनचा फोन पुन्हा लांबला.

"नवस फिटला न्हाई, म्हणून होऊन राहिलं हे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी खण, नारळ, तांदूळ, सुपारी आणि आमच्याच शेतातलं हळकुंड एका पिशवीत बांधून देव्हाऱ्याखाली ठेवलं. येता-जाता त्या पिशवीकडे बघायच्या आणि मला कसंतरी व्हायचं.

त्याच आठवड्यात कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. इसापूर धरणाच्या फुगवट्यात, पाणी उतरलं की, एका टेकडीभोवती वाळूचा किनारा उघडा पडतो. चारी बाजूंनी पाणी, मध्ये बेट. तिथे पार्क होणार असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. तूर्त बाभळी आणि बगळे आहेत. मी म्हटलं, झालं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. नितीनच्या शाळेच्या पुस्तकातला नकाशा काढून दाखवला. इसापूरची पैनगंगा जाते वर्धेला, वर्धा पुढे गोदावरीला, गोदावरी समुद्राला. ओटी इथे सोडली तरी पोचते तिथेच. आत्याबाईंनी नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बघू."

जाणार असाल तर आमच्यासारखं करा. मृगाआधी जा, नंतर किनारा बुडतो. पहाटेच निघा, बेटावर सावली नावालाच आहे. आम्ही आखाडा बाळापूरच्या शब्बीरभाईंची गाडी दिवसभरासाठी ठरवली. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. वाटेत एक टरबूज घेतलं. रस्त्याकडेला अजून हळद वाळत पडली होती आणि गाडीत तोच वास भरून राहिला होता. शेवटचा पट्टा कच्चा आहे, कंबर सांभाळा.

"मावशी, तकलीफ होत असंन तर सांगा, हळू घेतो," शब्बीरभाई.

"हळू काहून? पळव तू."

शब्बीरभाई आरशातून माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. आत्याबाईंनी ती पिशवी सगळा वेळ मांडीवर धरली होती, आणि मी सगळा वेळ फोनला रेंज आहे का ते बघत होते.

काठावर गंगारामदादा भेटले. त्यांचं घर मासेमारीवर चालतं. सांगितलं तर होडीतून बेटावर सोडतात. भाडं आधीच बोलून घ्या आणि अंगात घालायची जॅकेटं मागून घ्या, आपणहून देत नाहीत. पाणी इतकं निवांत होतं की वल्ह्याचा आवाज मोठा वाटावा. बेटावर उतरलो आणि मी चप्पल काढून धावतच सुटले. मऊ, करडी वाळू. बगळ्यांच्या पावलांशिवाय एक ठसा नाही. इतकं सुंदर काही आपल्या तालुक्यात आहे, याचा मला चक्क अभिमान वाटला.

मागे वळून बघते तर आत्याबाई पाण्यात पाय घालून उभ्या. पदर खोचलेला, पिशवी उघडलेली, नारळ हातात. आता सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी गंगारामदादांना विचारलं, "दादा, हे पाणी पुढं जाऊन राहिलं का?"

"कुठं जातंय मावशी, अडवलंय की धरणात. कालव्याला सोडतेत ते शेतात जिरतंय. पावसाळ्यात धरण भरलं, दरवाजे उघडले, की मग नदीत सुटतंय."

आत्याबाईंनी नारळ परत पिशवीत ठेवला.

मला भयंकर राग आला. एवढं ऊन, एवढी धावपळ! "अहो आत्याबाई, आज ना उद्या जाईलच ना पाणी. नाहीतर हा नारळ आपल्या गावदेवीला वाहा."

"समिंदराच्या नावाचा नारळ दुसऱ्याला देत न्हाईत. आन् अडल्या पाण्यात सोडली तर ओटी बी अडून बसंन. मंग माझं लेकरू बी अडून बसंन." त्यांनी गाठ मारली. "दरवाजे उघडू दे."

त्यांचा हिशेब माझ्याच नकाशावरून निघाला होता.

बाभळीखाली जेवलो. टरबूज गंगारामदादांनी गुडघ्यावर फोडलं. आत्याबाई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या.

"नितीनच्या तिकडं असंच असतंय का?"

"असंच. फक्त पलीकडचा काठ दिसत नाही."

त्या म्हणाल्या, "काठच दिसत न्हाई तर परत कसं येतेत गं?"

मी यंत्रांबद्दल काहीबाही सांगितलं. माझाच आवाज मला पोकळ वाटला, म्हणून मी उठून कचरा गोळा करायला लागले. तुम्हीही करा, तिथे उचलायला कुणी नाही.

घरी आलो. पिशवी पुन्हा देव्हाऱ्याखाली गेली. तेव्हापासून माझी भिंगरी एकाच जागी फिरतेय. कुठल्या सहलीचं नाव काढवत नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, आणि आम्ही दोघी सकाळी उठून धरणात किती पाणी आलं याची बातमी बघतो. माझा नवसावर विश्वास नाही. तरी वर वाशीमकडे, जिथून नदी येते तिकडे, ढग दिसले की मला बरं वाटतं.

परवा नितीनचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. आत्याबाईंनी नवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "पाणी कसंय रे तिकडं?"

"शांत आहे आई. उद्या निघतोय, पुन्हा महिनाभर रेंज नसेल."

"बरं. जेवत जा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघ बरं, दरवाजे उघडले का."

मी बघितलं. अजून नाही.

"मंग रेनकोट काढून ठिव," आत्याबाई म्हणाल्या. "आन् शब्बीरला सांग, बोलावलं की लगी यायचं."

मी तेव्हाच शब्बीरभाईंना फोन लावला.