तळहात बघायला कोणी सांगितलं?

ती केस आठवली की आजही मला आधी स्वतःचाच राग येतो. जळगावजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शेजारच्या गावातली एक सून महिन्यात दुसऱ्यांदा दवाखान्यात आली होती. जबाब तोच, "केळीच्या बागेत पाय घसरला." नवरा आणि सासू खाटेशेजारी उभेच. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि प्रकरण मिटवायला काढलं.

दोन दिवसांनी सकाळी अक्का ठाण्यात आली. ही धुळ्याकडची बाई, गावोगाव फिरून बांगड्या भरायची. एकेकाळी नवऱ्याचा मार खाऊन आमच्याच बाकावर रडत बसली होती. आता पीडित बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत सतरंज्या टाकायची, चहा द्यायची. सुनेच्या बांगड्या फुटल्या होत्या; तिचे हात मोकळे दिसायला नकोत म्हणून सासूनेच अक्काला बांगड्या भरायला बोलावलं होतं.

"साहेब, ती पडनी नही," अक्का म्हणाली. "काच मनगटाले आतून रुतेल शे. पडल्यावर बाहेरून लागतं. हे कोणीतरी गच्च धरेल शे. तिना नवराना तळहात दखा."

खरं सांगतो, अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं खाकी घातली मी, आणि चहा देणारी बाई मला तपास शिकवणार! "बघतो," म्हणून तिला वाटेला लावलं. पण नवऱ्याला बोलावून घेतलंच.

"साहेब, आमच्या घरात बठ्ठं चांगलं शे," सगळं चांगलं आहे, तासभर त्याचा हाच पाढा. शेवटी म्हटलं, "हात पुढे कर." उजव्या तळव्यावर बारीक बारीक ओल्या चिरा.

"हे काय रे?"

"विळा लागला."

"एकाच वेळी सात ठिकाणी?"

त्याने मूठ मिटून हात मागे घेतला.

सून मात्र माझ्यापुढे तोंड उघडेना. महिला हवालदारापुढेही नाही. शेवटी अक्कालाच ठाण्यात बोलावलं; ती सुनेला घेऊन आतल्या खोलीत बसली. अर्ध्या तासाने दार उघडलं. "लिहून घ्या साहेब, सांगते म्हणे." फिर्याद झाली, नवऱ्याला अटक झाली, पेपरात कौतुक माझं छापून आलं.

पुढे संस्थेच्या ताईंनी मला विचारलं, "अक्काला समितीवर घ्यायचं म्हणतोय. तुमचं मत लिहून द्याल?" बायका तिच्याशी बोलतात, माझ्याशी नाही, हे माझ्या पोटात दुखत होतं. मी लिहिलं, "शिक्षण चौथी. अनुभव नाही." निवृत्तीनंतर त्या खुर्चीवर त्यांनी मलाच बसवलं.

पहिल्याच बैठकीत मी तळहाताची गोष्ट ऐटीत सांगितली. मागून एक बाई उठली. तीच सून, आता शिवणकाम करून स्वतंत्र राहणारी.

"साहेब, तळहात बघायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

अक्का कपबशा गोळा करत होती.

"अक्काने," मी म्हणालो. मग तिच्याविषयी काय लिहून दिलं होतं, तेही सर्वांसमोर सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

हजारो जबाब घेतले मी. माणूस कोणापुढे बोलतो, हे कधी पाहिलंच नाही. जी त्यातून गेली तिला सतरंज्या टाकायला लावायचं आणि बोलायचं आम्ही, असला आमचा कारभार. आता समितीत माझ्या जागी अक्का बसते. बैठकीला मीही जातो. बायका तिच्याभोवती गोळा होतात तेव्हा पोटात अजून दुखतं, खोटं कशाला बोलू? मग मी उठतो आणि कपबशा गोळा करतो.