आई नाई, मौशी

पिहूला पहिला शब्द फुटला तो ‘आई’, आणि जिच्याकडे बघून तो फुटला तिनं तो तिथल्या तिथे दुरुस्त करायला घेतला. नळाचा दिवस होता. अकोल्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे येतो त्या दिवशी जठारपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका बादल्या, ड्रम घेऊन खाली असायच्या. तळमजल्याच्या दारापर्यंत रांगत आलेल्या पिहूनं हाक मारली आणि आम्ही सगळ्या कौतुकानं वळलो. मौशीनं हातातली बादली खाली ठेवली, तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “आई नाई. मौशी. म्हण, मौशी.” पोर दोन्ही हात वर करून ‘उचल’ म्हणून खुणावत होती. मौशीनं उचललं नाही. बऱ्याच वेळानं पिहूला ‘मौ’ एवढंच जमलं, तेव्हा कुठे तिनं तिला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं बादली उचलली. मला त्या दिवशी ती फार कोरडी बाई वाटली.

तिचं नाव सुषमा. पण मुलांची मावशी म्हणून ती सगळ्या बिल्डिंगचीच मौशी झाली होती. तिच्याहून मोठ्या बायकाही तिला मौशीच म्हणत. पिहूची आई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. बाळंतपणानंतर काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. मागे चार वर्षांचा आयुष आणि नुकती हसायला लागलेली पिहू. मुलांचे वडील, वानखडे, वीज खात्यात लाइनवर होते. कुठे तार तुटली की जेवणावरून उठून जावं लागे. त्यांच्या आईला गुडघ्यांमुळे उठबस होत नव्हती. तेव्हा चांदूर बाजारहून मौशी पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. अमरावतीला तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं, आणि कॉलेजचं नाव घेणं तिनं सोडून दिलं.

मी वरच्या मजल्यावर. माझा ओजस पिहूहून वर्षानं मोठा, म्हणजे आमच्या दोघींचे दिवस सारखेच जायचे. सकाळ झाली की बाटल्या उकळणं, मऊ भात, वरण, भिंतीला पुसलेले हात, उलटून टाकलेलं ताट. पण माझ्या मदतीला सासूबाई होत्या आणि संध्याकाळी घरी येणारा नवरा होता. तिच्याकडे कोणी नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी अकोल्याचं घर भट्टीसारखं होतं. लाइट गेली की कूलर बंद, आणि दोन्ही पोरं घामोळ्यांनी किरकिरत. मौशी चादर ओली करून पिळायची, दारात टांगायची आणि मुलांना ओल्या फरशीवर निजवून स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची. आयुष आई गेल्यापासून गादी ओली करत असे. रोज सकाळी ती गादी गच्चीवर वाहून न्यायची. त्यावर तिनं त्याला कधी एक शब्द विचारला नाही, आणि जिन्यात कोणी विचारलंच तर “ऊन द्याले नेतो” म्हणून पुढे व्हायची.

मूल रडायला लागलं की आम्ही बाकीच्या बायका खुळखुळा दाखवू, चिमणी दाखवू, मोबाइल हातात देऊ. तिची पद्धत वेगळी होती. ती शेजारी बसायची आणि म्हणायची, “रडून घे. झालं की सांगजो.” मग खरंच वाट बघायची. लसूण सोलायचा असला तर तो सोलत, पण हलायची नाही. कधी कधी अर्धा तास जाई. शेवटी पिहू हुंदके देत तिच्या मांडीवर डोकं ठेवी आणि “झालं” म्हणे. ओजसच्या बाबतीत मी हे करून पाहिलं. मला पाच मिनिटंही जमलं नाही. रडणं बंद व्हावं म्हणून आपण किती घायकुतीला येतो, हे मला तेव्हा कळलं.

आयुष बालवाडीत बोलायचा नाही. बाई हाका मारून थकल्या. घरी आणून सोडला की मात्र मौशीला बोचकारायचा, “तू आमच्या घरची नाई” म्हणायचा. ती त्याला सोडायला जायची आणि परत यायचीच नाही. पिहूला मांडीवर घेऊन फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून राहायची, खिडकीतून त्याला दिसेल अशी. पावसाळा संपून थंडी लागेपर्यंत तिनं हे केलं. मी एकदा म्हटलं, “अगं, त्याला सवय होईल ना अशानं.” ती म्हणाली, “होऊ द्या ना वयनी. कोणी तरी बसून राह्यते, याची सवय झाली त काय वाईट आहे?” पुढे एक दिवस आयुष वर्गातून धावत आला आणि फाटकाच्या गजांतून तिला म्हणाला, “तू जा आता घरी. पिहूले ऊन लागून राह्यलं.” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी नंतर फारसा पाहिला नाही.

ती काही देवी नव्हती. एका दुपारी खालून दार बडवल्याचा आवाज आला म्हणून मी गेले. दोन्ही पोरं बाथरूमच्या बंद दारावर थापा मारत होती, पिहूचा रडून श्वास अडकत होता. आत नळाचा आवाजही नव्हता. मी मुलांना उचलून वर आणलं. बऱ्याच वेळानं ती आली. डोळे कोरडे, पण गालावर पाची बोटं उमटलेली. स्वतःलाच मारून घेतलं होतं. “आयुषवर हात उठला होता,” ती म्हणाली. “मधातच थांबवला. मंग आत जाऊन बसली.” मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर म्हणाली, “वयनी, मले थोडा वेळ कोणाचंच कोणी नसाचं होतं. बस.” तिनं चहा घेतला, पोरं घेतली आणि खाली गेली.

दुसऱ्या वर्षी तिचे वडील आले. त्यांनी वानखड्यांसमोर, माझ्या सासूबाईंसमोर सरळ विषय काढला. घरातली पोरगी, घरातला जावई, लेकरं तिच्या अंगावर वाढलेली. बुद्धविहारात चार माणसांत लग्न लावून टाकू. वानखडे मान खाली घालून बसले होते. मौशी पिहूला वरणफळं भरवत होती. तिनं वाटीतला शेवटचा घास भरवला, पिहूचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “नाई बाबा.”

“काहून नाई?”

“भाऊजी चांगले आहेत. पण मले ते भाऊजीच दिसतात. लेकरांचं सगळं करीन, त्याले नाई म्हटलं काय कधी?”

“मंग जनमभर अशीच राहशील इथं? लोकं काय म्हणतील?”

“लोकाईले म्हणू द्या.”

म्हातारा जेवण न करता उठला आणि मिळेल त्या एसटीनं चांदूर बाजारला परत गेला. त्यानंतर तो लेकीशी बोलला नाही. वानखड्यांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी बोलताना जास्तच अदब ठेवली. मला वाटतं, त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, आणि थोडं लागलंही होतं.

पिहू साडेतीन वर्षांची झाली तेव्हा मूर्तिजापूरची रेखा वानखड्यांची दुसरी बायको म्हणून घरात आली. पहिल्या नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून सोडलेली, शांत, घाबरट बाई. आम्ही सगळ्या तिच्यात काहीतरी खोट शोधायला बसलो होतो. ती सापडली नाही. लग्नाच्या आठवडाभर आधीपासून मौशीनं पिहूला शिकवायला घेतलं. रेखाचा फोटो समोर धरून विचारायची, “हे कोण?” पिहू म्हणायची, “रेखा.” “नाई. आई. म्हण, आई.”

मला ते ऐकवलं नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिला विचारलं, “म्हणजे तुला पहिल्यापासून हे ठाऊक होतं?”

“भाऊजी तिशीतला माणूस आहे, वयनी. कोणी ना कोणी येणारच होती. तिच्यासाठी काही शिल्लक ठेवाले पाह्यजे होतं का नाई?” तिनं पिहूचा फ्रॉक झटकला, दोरीवर टाकला. “सगळं मीच घेऊन बसली असती, त ते बाई आली असती अन् तिले उभं राहाले जागा नसती. मंग लेकरांनाच भोवलं असतं ना.”

पण शिकवलेला शब्द आणि पोराचा ओढा या दोन वेगळ्या गोष्टी. पिहू रेखाला ‘आई’ म्हणायची आणि अंघोळीला मौशीकडे पळायची. रेखानं भरवलेला घास थुंकून टाकायची. एका संध्याकाळी रेखा जिन्यात बसून रडताना दिसली. मौशी तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण वर येऊन मौशी मला म्हणाली, “मी असेपर्यंत हे जमणार नाई.” तिनं जायचं ठरवलं होतं, आणि वर्षभर तोंड दाखवायचं नाही, हेही.

सगळ्यांनी सांगितलं, पिहू झोपली की निघ. तिनं ऐकलं नाही. “उठल्यावर घरभर शोधंल ते. मी लपून नाई जाणार.” भर दुपारी, पोर जागी असताना, तिनं बॅग दारात आणून ठेवली. पिहूसमोर बसून तिला सांगितलं की मी आता अमरावतीला राहणार, तू आईजवळ राहणार. पिहूला पहिल्यांदा ते खोटं वाटलं. ऑटो आला तेव्हा कळलं. रेखानं तिला धरलं होतं. तिनं रेखाचा गाल नखांनी ओरबाडला, केस ओढले. मौशी ऑटोत बसता बसता रेखाला एवढंच म्हणाली, “काईही केलं तरी सोडू नको तिले.” रेखानं सोडलं नाही. गालावरून रक्त ओघळत होतं आणि ती पोरीला घट्ट धरून उभी होती. ऑटो वळला.

आयुष तेव्हा शाळेत होता. त्याला मौशीनं आदल्या संध्याकाळी कामाच्या धांदलीत सांगितलं होतं. तो “बरं” म्हणाला आणि गणिताची वही काढून बसला. मोठा झाला, समजदार आहे, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं.

पिहू आठ दिवस तापानं फणफणली. रेखानं घाबरून फोन केला, तेव्हा मौशीनं ताप किती, लघवी होते का, पाणी पिते का, सगळं विचारलं, औषध डॉक्टरांना दाखवूनच दे म्हणाली, पण आली नाही. अमरावतीला एका लहान मुलांच्या दवाखान्यात तिला आयाचं काम मिळालं होतं. नर्सिंगला परत जाण्याची संधी आणि उमेद दोन्ही मागे राहिली होती. दर रविवारी ती मला फोन करायची. पिहू जेवली का, रेखाच्या हातून अंघोळ करते का, एवढंच. हळूहळू मी सगळ्याला ‘हो’ म्हणू लागले, आणि ते खरं होतं.

वर्ष उलटल्यावर ती आली. पिहू रेखाच्या साडीच्या निऱ्यांमागे गेली आणि तिथून विचारलं, “आई, ह्या कोण?” रेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मौशी हसली. मुलीची उंची बघितली, दात बघितले, रेखाला म्हणाली, “मस्त ठेवली तू पोरगी.” ते हसू खोटं नव्हतं. तिला हवं होतं तसंच सगळं झालं होतं.

आयुष आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. दोनदा हाक मारली. शेवटी मौशी उठून आत गेली, मीही तिच्यामागे दारापर्यंत गेले. तो भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसला होता. तिनं खांद्यावर हात ठेवला तर झटकला नाही, वळलाही नाही. तसाच म्हणाला, “पिहूले तू बसून सांगितलं. अन् मले शाळेत पाठवून गेली. मी आलो त तुह्या चपलाच नव्हत्या.”

मौशी त्याच्या पायाशी फरशीवर बसली. रेखानं स्वयंपाक केला होता, तो तसाच राहिला. निघताना जिन्याच्या पायरीवर ती मला म्हणाली, “रातदिवस पिहूचाच विचार केला, वयनी. तिले इसरता यावं, याचीच तयारी केली. या पोट्ट्याले सगळं आठवते, हे माह्या ध्यानातच आलं नाई.” तिला रडू येत होतं, पण जिना चढउतार करणारी माणसं होती, म्हणून पदर तोंडावर दाबून ती उभी राहिली.

त्यानंतर ती दवाखान्याची सुट्टी असेल त्या रविवारी येऊ लागली. सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. पिहूसाठी ती आता खाऊ आणणारी पाहुणी आहे. पिहू तिच्याकडून वेणी घालून घेते आणि खेळायला पळते. आयुष तिच्याशी अजून धड बोलत नाही. विचारलं तर हो-नाही, तेही मोबाइलकडे बघत. ती त्याच्या खोलीत, दाराशी, भाजी निवडत नाहीतर काही शिवत बसून राहते. कशाला एवढा त्रास घेतेस, म्हणून मी विचारलं होतं. ती भाजी निवडतच राहिली.

बिल्डिंगमधली पोरं रविवारी सकाळी क्रिकेटला मैदानावर जातात आणि दुपार टळेपर्यंत परतत नाहीत. आयुष त्यांच्यात चांगला बॉलर आहे. मौशी यायची असते त्या रविवारी पोरं बाहेरून हाका मारतात, आणि तो दारात येऊन सांगतो की आज तब्येत बरी नाही.