माझं विमान गावावरनं जात नाही

मंडळी, दहा वर्षांपूर्वी माझ्यासमोर दोन नोकऱ्या होत्या. एक कोल्हापूरला येणाऱ्या छोट्या विमानावर, दुसरी परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानावर. छोटं विमान कोण उडवणार, म्हणून मी ऐटीत मोठं निवडलं.

आज सुट्टीवर कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी, घरी आहे. सकाळी आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, डेअरीत दूध घालायला गेलतो. तेवढ्यात ते छोटं विमान डोक्यावरनं उतरायला निघालं. आबांनी किटली खाली ठेवली आणि वर बघून हात हलवला.

रांगेतले काका हसले. "आबा, पोरगं तर हितं उभं हाय की!"

आबा ओशाळले. "व्हय, पण रोजची सवय हाय न्हवं."

पायलट होणाऱ्या पोरांनो, पगार बघा, विमान बघा. पण घरी कोण रोज वर बघणार आहे, हे विचारलंय का? मी नव्हतं विचारलं.