मोटरचे दोन स्क्रू

समलिंगी जोडप्यांना मोकळेपणाने राहता येईल अशा समुद्रकिनाऱ्यांची एक यादी इंटरनेटवर आहे. तीत आमचं कोकणातलं घर आहे. खाली लिहिलंय, 'मोटर बिघडली म्हणून मुलुंडचे काका खास धावत आले. असा माणूस विरळा.' ते काका म्हणजे मी, आणि ते कौतुक खोटं आहे.

घर धाकटी बहीण सांभाळते, दोन खोल्या पर्यटकांना देते. तिथे रेंज नाही, म्हणून बुकिंगचा फोन मुलुंडला माझ्याकडे. फाटकावरची 'फक्त फॅमिलीसाठी' ही पाटीही मीच लावलेली.

पाच वर्षांपूर्वी कांदिवलीहून एकाचा फोन आला. "काका, आम्ही दोघं पुरुष. बारा वर्षं एकत्र संसार करतोय. त्याच्या पन्नाशीला समुद्रावर यायचंय. आधीच सांगतो, नंतर दारातून परत पाठवू नका."

"अरे, या की!" मी सवयीने बोलून गेलो. अर्थ डोक्यात शिरला तो फोन ठेवल्यावर. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. दोन दिवसांनी कळवलं, पाण्याची मोटर जळाली.

"एवढंच ना? तो विक्रोळीत मोटरीच दुरुस्त करतो. सामान घेऊनच येतो!"

वाट लागली. मोटर तर झकास चालत होती. मी एसटी पकडून त्यांच्या आधी पोचलो. बहीण बाजारात गेल्यावर मोटरचं झाकण उघडलं आणि आतली एक तार सोडवली.

दुपारी ते दोघे आले. मोटरवाला विहिरीपाशी बसला, झाकण उघडलं, आत पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पाच मिनिटांत पाणी सुरू.

"काय झालं होतं?" बहिणीने विचारलं.

"जुनी मोटर, ताई. तार सुटली होती."

"सकाळपर्यंत पाणी होता," बहीण मला म्हणाली. "तू इलस आणि गेला!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि तिने वाढलेले घावणे खाली मान घालून खाल्ले. तेव्हापासून ते दोघे दरवर्षी येतात, माझ्यासाठी बहिणीकडे मिठाई ठेवून जातात. ती मुलुंडला आली की मी शेजाऱ्यांना वाटून टाकतो.

यंदा मीही मुद्दाम गेलो. अंगणात तिघांसमोर सांगून टाकलं, "तार मी सोडवली होती. तुम्ही येऊ नये म्हणून थाप मारली होती, ती उघडी पडू नये म्हणून."

मोटरवाल्याने पाकिटातून कागदाची एक चिमुकली पुडी काढली. आत झाकणाचे दोन स्क्रू होते, वर माझं अक्षर: 'मोटर, २ नग.' कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी पस्तीस वर्षं काढली. सुटा स्क्रू दिसला की पुडी बांधून वर लिहायचं, हा हाताचा धर्म. मोटर बिघडवतानाही तो पाळला होता आणि पुडी तिथेच विसरलो होतो.

"काका, जळालेली मोटर स्वतःचे स्क्रू पुडीत बांधून ठेवते का?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?" मी विचारलं.

"ताईंनी आमच्यासाठी घावण्यांचा तवा ठेवला होता. आणि तुमचं तोंड बघवत नव्हतं."

"दादा," बहीण म्हणाली, "पाच वर्षं हे दोघे त्या पाटीखालून वाकून आत येतायत. आधी ती काढ."

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फाटकाकडे गेलो. पाटी उतरवली, चार स्क्रू निघाले. खिशातला कागद फाडून पुडी बांधली आणि वर लिहिलं: 'पाटी, ४ नग. परत लावू नये.'