शेपटी शाबूत तर मजुरी

जुनी गाडी घेतली की घरात दोन गोष्टी आपोआप साठायला लागतात. सुटे नटबोल्ट आणि किस्से! नटबोल्ट भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते असे चहाबरोबर कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात. आज तुम्ही सापडलात.

नव्वदच्या दशकात पेणमध्ये आम्ही चार-पाच जुन्या गाड्यांचे मालक होतो. माझं औषधांचं दुकान आणि एक म्हातारी फियाट. वडखळच्या पुढचा रस्ता असा, की गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे आणि शॉकअप सुधारून घेतल्याशिवाय कंबर जागेवर राहायची नाही. पार्टची किंमत छापलेली असते हो, तिथे कोण फसवणार? खरी मेख मजुरीत! मजुरी गाडी बघून सांगत नाहीत, मालक बघून सांगतात.

*

हायवेवरच्या एका गॅरेजात मी इस्त्रीचा शर्ट घालून मजुरी विचारायला गेलो. आकडा ऐकून मला वाटलं, गाडी विकत मागतोय! दोन दिवसांनी आमचा देशमुख शेतातून परस्पर तिथेच गेला, चिखलाच्या पायांनी. तसलीच गाडी, तेच काम. मजुरी निम्मी!

त्या संध्याकाळी आम्ही ठराव केला. एक जुना, विटका, कॉलर उसवलेला शर्ट सगळ्यांनी मिळून ठेवायचा. ज्याला भाव विचारायला जायचंय त्याने तो घालायचा. त्याचं नाव 'कोटेशनचा शर्ट'. माझ्या दुकानात खुंटीला लटकायचा, आणि तुम्हाला सांगतो, त्याने आमचे बरेच पैसे वाचवले.

मग बाजाराच्या मागे म्हात्रेमिस्त्रीने नवीन गॅरेज उघडलं. आधी देशमुख शर्ट घालून जाऊन आला. पुढच्या महिन्यात मी गेलो. मिस्त्री गाडीखाली होता. तिथूनच त्याने मला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाला,

"हा शर्ट मागल्या महिन्यात पण आलेला. तवा आत जरा जाडा माणूस व्हता!"

*

म्हात्रे म्हणजे बढाईखोर माणूस. "पनवेलपासून महाडपर्यंत माझ्यासारखे पाटे कोण बसवत नाय," हे दिवसातून दहा वेळा म्हणायचा. पण मजुरीची त्याची पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही.

त्याची सासुरवाडी जोह्याची. सासऱ्याचा गणपतींचा कारखाना. तिथून तो शाडूचे कच्चे, बिनरंगाचे उंदीर आणायचा. शेपटी काडीएवढी बारीक. काम झालं की एक उंदीर मागच्या सीटवर ठेवायचा आणि गाडी खड्ड्यांच्या भिसे खिंडीतून रोह्याला नेऊन परत आणायची. शेपटी शाबूत, तर आधी सांगितलेली मजुरी, एक रुपया कमी नाही. शेपटी तुटली, तर मजुरी माफ!

मी विचारलं, "मिस्त्री, गणपतीच का ठेवत नाही?"

तो माझ्यावर खेकसला. "देवाला परीक्षेला बसवतात काय? उंदीर हाय ना!"

रोह्याहून परत आलेला प्रत्येक उंदीर भिंतीवरच्या फळीवर जाई. फळीवर रांग लागली होती, आणि एकाचीही शेपटी तुटलेली नव्हती. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री आधी ती फळी दाखवायचा, मग गाडी बघायचा.

*

आमच्यातले शालोमकाका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे भाऊबंद केव्हाच इस्राएलला गेले होते, काका मात्र पेण आणि त्यांची जीप सोडायला तयार नव्हते. घासाघीस करावी तर काकांनी! समोरचा शेवटी रडकुंडीला यायचा. पण शनिवारी ते पैशाचा विषय काढत नसत. त्यांचा पाळणुकीचा दिवस.

म्हात्रेने हे बरोब्बर हेरलं. जीपची मजुरी सांगायला तो मुद्दाम शनिवारी काकांच्या घरी गेला. आकडा सांगितला. काका हसले, सरबत दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. पैशाबद्दल अवाक्षर नाही! मिस्त्री शीळ घालत परतला.

रविवारी सकाळी गॅरेजचं शटर वर होतंय तोच काका स्टूल घेऊन समोर हजर.

"म्हात्रे, शनिवारी आम्ही नुसतं ऐकतो. आता बोल!"

*

एकदा एक बडे साहेब आले. काम झालं, उंदीर रोह्याला जाऊन धडधाकट आला. साहेब म्हणाले, "मिस्त्री, आमच्यासाठी काही कमी करा."

म्हात्रेने उंदीर उचलून त्यांच्या पुढ्यात धरला. "मला नका सांगू. याच्याशी बोला!"

साहेबांनी मुकाट्याने पैसे मोजले. सख्ख्या मेव्हण्यालाही मिस्त्रीने कधी सूट दिली नाही.

*

आता शेवटचा. आमचा मोरेश्वर जोशी राहायला रोह्याला. त्याची बायको सुलभाबाई पेणच्या शाळेत गणित शिकवायची. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, धक्के बसता कामा नयेत. एसटी बंद. शाळेने कळवलं, जूनमध्ये हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. बाईंचा जीव त्या शाळेत. मोरेश्वरने जुनी फियाट घेतली, पण ती एसटीच्या वरताण आदळायची. बाईंच्या कमरेचा पट्टा बघून एका गॅरेजवाल्याने मजुरी दुप्पट सांगितली.

मी मोरेश्वरला म्हात्रेकडे आणलं. बाईंनी निरोप धाडला होता, "मजुरी पुरी घ्यायची. दया नको." बाई तशाच. विद्यार्थ्याच्या घरचा आंबासुद्धा परत पाठवायच्या.

मिस्त्री म्हणाला, "माझी पोरगी त्यांच्याच वर्गात हाय. बाई नाय तर गणिताच्या तासाला भेंड्या खेळतात!" आणि त्याने नेहमीसारखी चोख मजुरी सांगितली. मला जरा रागच आला.

आठवडाभर तो त्या गाडीखाली पडून होता. पाटे बदलले, पटले नाहीत म्हणून पुन्हा उतरवले. मग एका सकाळी गाडीत उंदीर ठेवून स्वतः रोह्याला गेला. येताना बाई मागच्या सीटवर, शेजारी उंदीर. आम्ही सगळे गॅरेजसमोर उभे.

गाडी थांबली. मोरेश्वर हात द्यायला धावला. त्याचा हात बाजूला सारून बाई आपल्या आपण उतरल्या.

"बाई, पाठ?" मिस्त्रीने विचारलं.

"कुठली पाठ?" बाई म्हणाल्या. "सोमवारी शाळेत येते मी!"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! बाईंनी पर्स उघडली. "हं, मजुरी घ्या."

मिस्त्री आमच्याकडे पाठ करून गाडीत वाकला. कट् असा आवाज आला. तो वळला तेव्हा एका हातात उंदीर होता, दुसऱ्या हातात शेपटी.

"तुटली ओ. मजुरी नाय."

आम्ही फळीकडे बघितलं.

बाईंनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. "मिस्त्री, रोह्यापासून माझी नजर त्या शेपटीवरून हलली नाही. शाबूत होती."

मिस्त्रीने तो बिनशेपटीचा उंदीर फळीवर ठेवला, सगळ्यांच्या पुढे.

"मग नंबर वाढलाय तुमचा, बाई. सोमवारच्या आत चष्मा बदलून घ्या!"