पिंपळ उजव्या हाताला

बसवनगुडीच्या उतारावर जुन्या बंगल्यांच्या मागून जो ओढा वाहतो, त्याला पाटीवर ‘झरा’ म्हटलं आहे. पाटी नवी आहे. त्याआधी सगळेच त्याला मोरी म्हणत, आणि सकवारबाई अजूनही म्हणतात. पण आता त्यात पाणी दिसतं, बगळा उभा असतो आणि दोन्ही काठांनी फरशीची वाट झाली आहे. खालच्या पुलापासून एका काठाने वर जायचं, वरचा पूल ओलांडायचा आणि बंगल्यांच्या कुंपणांना लागून परत खाली यायचं. एका बंगल्यात दातांचा दवाखाना आहे, एकात कॉफी मिळते. वरच्या पुलाजवळचा निळ्या फाटकाचा बंगला सगळ्यांत देखणा. त्यात कोणी राहत नाही, कारण तो तीन भावंडांचा आहे.

दोन्ही बाजूंच्या वाटांमधल्या जमिनीवर एक पिंपळ आहे आणि त्याच्या पारावर नागाचे दगड. वाट त्याला वळसा घालून जाते. वाट आखणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. सकवारबाईंच्या पहिल्याच दिवशी आलं.

फिरणाऱ्यांच्या मंडळाने फरशीवर पांढरे बाण रंगवले आहेत. बाणांप्रमाणे चाललं की पिंपळ डाव्या हाताला येतो. मंडळाच्या चिटणीस प्रमोदिनी पुण्याहून आलेल्या. समोरून डोक्यावर पदर घेतलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली बाई येताना पाहून त्यांनी तिला अडवलं.

“काकू, हा रूट वन-वे आहे.”

“असंल. गाड्यांना.”

“नाही हो, वॉकर्सना. एक माणूस उलटा आला की सगळा फ्लो बिघडतो.”

“उलटं तर तुम्ही सगळे चाललाय. पिंपळ डाव्या हाताला ठेवून मसणात फिरतात, अक्का.”

बंगळुरात मराठी कानावर पडल्याचा प्रमोदिनींना आनंद झाला होता. तो थोडा कमी झाला. सकवारबाईंचं घराणं या भागात साडेतीनशे वर्षांपूर्वी आलं, प्रमोदिनी चार वर्षांपूर्वी. त्यामुळे ‘बाहेरून आलेले लोक’ हा विषय दोघी एकमेकींसमोर काढत नाहीत.

सकवारबाईंचे यजमान जयसिंगराव मात्र बाणांप्रमाणे चालत. टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी झाली आणि साऱ्या आयुष्यात त्यांनी कधी सिग्नल मोडला नाही, ही गोष्ट बंगळुरात सांगितली तर लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करतात. देवळात गेले तर ते बाहेर उभे राहून चपला सांभाळत.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. मुलगा गिरीराज देवनहळ्ळीला नव्या लेआउटमध्ये राहतो. आईवडिलांनी घर बंद करून तिकडे यावं, असं त्याचं म्हणणं. तिथे लिफ्ट आहे, व्यायामाचं यंत्र आहे, पिंपळ नाही.

“अप्पा एकटे फिरायला जाणार नाहीत,” त्याने बजावलं होतं. “एकदा जरी काही झालं, तर मी काही ऐकणार नाही. सामान बांधायचं.”

“एकटे कशाला? मी असते की सोबत,” सकवारबाई म्हणाल्या.

ही सोबत अशी होती: दोघं खालच्या पुलावर एकमेकांकडे पाठ फिरवत आणि दोन दिशांना निघत. निळ्या फाटकाशी समोरासमोर येत. सकवारबाई थांबून नवऱ्याचा चेहरा बघत. घाम किती, ओठांचा रंग काय.

“स्वल्प हळू,” त्या म्हणत.

“सरी,” ते म्हणत, म्हणजे बरं.

मग पुन्हा खालच्या पुलावर हेच. डॉक्टर याच कामासाठी यंत्र लावतात.

मग सकवारबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी त्या नेहमीसारख्या निघाल्या. बोलल्या मात्र काहीच नाहीत. भाजीवाल्याशीसुद्धा भांडल्या नव्हत्या, तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

निळ्या फाटकाशी त्या पोचल्या, तर समोरून जयसिंगराव येईनात. थोडा वेळ थांबल्या. पूल ओलांडून पलीकडच्या काठाने खाली आल्या. वाटेत नाहीत. खालच्या पुलावरही नाहीत.

तिथे प्रमोदिनी होत्या. “काकू, काय झालं? बसा आधी.”

“आमचे हे दिसले का?”

“आज नाही दिसले. ते तर बाणानेच जातात ना? मग ते तुम्हाला समोरून भेटायला हवे होते.”

“हो की. पण मला हा डोळा धड दिसत नाही. पाण्याच्या कडेला पडले असतील आणि मी पुढं निघून आले असंन.”

प्रमोदिनींनी गिरीराजला फोन लावला. सकवारबाई बसल्या नाहीत. आल्या वाटेने परत निघाल्या, बाणांच्या दिशेने, पाण्याच्या कडेवर नजर ठेवून. पिंपळ डाव्या हाताला आला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

पहिल्याच वळणावर संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या झाडामागे जयसिंगराव उभे होते. अनवाणी, चपला हातात, बाणांच्या दिशेला पाठ.

“तू उलटी कुठं निघालीस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही कुठं होता?”

“तुझ्या मागं.”

“मागं?”

“तू वळलीस की निघालो. फाटकाशी थांबलीस, मी पण थांबलो. दिसायचं नव्हतं.” त्यांनी चपला या हातातून त्या हातात घेतल्या. “उद्या तुझं डोळ्याचं आहे नव्हं. म्हटलं, एक फेरी पिंपळाला घालावी.”

सकवारबाईंना धाप लागली होती आणि पदर खांद्यावर आला होता. जयसिंगरावांनी त्यांचा चेहरा नीट बघितला.

“स्वल्प हळू,” ते म्हणाले.

“सरी,” सकवारबाई म्हणाल्या, आणि मग पदराने दोन्ही डोळे पुसले. मोतीबिंदू एकाच डोळ्यात होता.

गिरीराज देवनहळ्ळीहून दोन तासांनी पोचला. तोवर त्याचे अप्पा इडली खाऊन पेपर वाचत होते.

“अम्मा, तू सोबत होतीस ना त्यांच्या?”

“सोबतच होते. ते माझ्या मागं होते.”

“मग सापडत नव्हते कसे?”

“मागं वळून बघायची सवय नाही मला.”

गिरीराजने आईकडे पाहिलं, वडिलांच्या पायांकडे पाहिलं. तळव्यांना फरशीचा पांढरा चुना लागलेला होता. सामानाचा विषय त्याने काढला नाही. एवढंच म्हणाला, “यापुढे तरी शेजारी शेजारी चाला.”

आता ते तसेच चालतात. सकवारबाईंना काळा चष्मा आहे, म्हणून जयसिंगराव त्यांचा कोपर धरतात. पिंपळ उजव्या हाताला असतो. साऱ्या वाटेवरचे बाण समोरून अंगावर येतात आणि जयसिंगरावांना ते आवडत नाही. शक्य तेवढे ते टाळून पावलं टाकतात. प्रमोदिनी बाजूला होऊन जागा देतात.

वाटभर दोघं फारसं बोलत नाहीत. फक्त निळ्या फाटकाशी आले की थांबतात, हात सोडतात, एकमेकांसमोर उभे राहतात आणि ती नेहमीची दोन वाक्यं बोलून पुढे निघतात.